एका दारात एकच गोष्ट

अक्कासाठी मागवलेला चहा अक्कानं कधी प्यायला नाही. साहेब शिपायाला म्हणायचा, "बाईंना चहा सांग रे," आणि शिपाई समोरच्या टपरीवरून कप घेऊन येईपर्यंत अक्का आपलं काम करून घेऊन कचेरीच्या पायऱ्या उतरत असायची. तो चहा मग शिपायांच्याच वाट्याला जायचा. त्यामुळं तालुक्याच्या सगळ्या कचेऱ्यांतले शिपाई अक्कावर खूश. ती फाटकात दिसली की आत वर्दी द्यायला पळायचे. मी एकदा तिला म्हटलं, अगं घोटभर प्यायला काय होतंय? तर म्हणाली, "चहा पिऊस्तोवर माणूस बोलत बसतंय, इमल. बोलत बसलं की काम पातळ होतंय." थोडं पुढं गेल्यावर आपणहून म्हणाली, "आणि आपल्याला कंच्या कपात आणतेत, ते बघायची पाळी तरी कशाला आणायची?"

आमची वस्ती औरादच्या बाजूला, गावाच्या ओढ्यापलीकडं. आमच्या लोकांनी बाबासाहेबांच्या मागून बुद्धाचा धर्म घेतला, घरातले देव ओढ्यात सोडले आणि वस्तीच्या मधोमध मातीच्या भिंतींचं विहार उभं केलं. अक्काचा नवरा कोर्टात समन्स पोचवणारा शिपाई होता. उर्दूच्या राज्यात लागला, म्हैसूर सरकारात निवृत्त झाला आणि लवकरच गेला. मागं ठेवून गेला काय, तर एक दोरा बांधलेला चष्मा आणि बायकोच्या कानावर पडलेली कचेरीची भाषा. कोणत्या टेबलावरून कागद कुठं सरकतो, कोण सही करतो आणि कोण नुसता मान हलवतो, हे अक्काला नवऱ्याच्या जेवताना बोलण्यातून कळलेलं.

तिला तीन बोली येत. घरात मराठी, बाजारात कानडी, जुन्या कारकुनांशी दख्खनी. साहेब लोक यायचे धारवाड-म्हैसूरकडचे, त्यांना आमचं बोलणं धड कळायचं नाही. अक्का आत गेली की उभ्यानंच पहिलं वाक्य कानडीत टाकायची, "ओंदे मातु अद री." एकच गोष्ट आहे जी. मग मराठीत यायची. म्हणायची, पहिलं वाक्य त्याच्या बोलीत बोललं की साहेब खुर्चीत पुढं सरकतंय, आणि एकदा पुढं सरकलेला माणूस मग आपलं बी ऐकतंय. मी पुष्कळ साहेब पाहिले. खरंच पुढं सरकायचे. दिवसभर ज्याच्यापुढं लोक गाऱ्हाण्यांची गाठोडी सोडून बसतात, त्याला कुणी एकच गोष्ट म्हटलं की बरं वाटत असेल.

हे एकच गोष्टीचं तिला आधीपासून सुचलेलं नव्हतं. एकदा हापशासाठी आम्ही वस्तीतल्या सगळ्या बायका तालुक्याला गेलो होतो. साहेब भला होता. "देतो हापसा," म्हणाला. तेवढ्यावर उठून यायचं की नाही? पण एकीला वाटलं, साहेब चांगला आहे तर पेन्शनीचं पण सांगावं. दुसरीनं मास्तर शाळेत येत नाही ते काढलं. तिसरीनं तर जावई दारू पितो म्हणून डोळ्याला पदर लावला. साहेबानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "सगळं लिहून आणा, बघू." हापसा दुसऱ्याच गावात बसला. येताना अक्का झपझप पुढं चालत राहिली. विहारापुढच्या लिंबाखाली आल्यावर टेकली आणि म्हणाली, "आता ध्यानात ठेवा गं. एका दारात एकच गोष्ट."

तिथून पुढं तालमी सुरू झाल्या. कुठंही जायचं असलं की आदल्या दिवशी दुपारी लिंबाखाली बाज टाकायची. अक्का नवऱ्याचा चष्मा लावून, पाय वर घेऊन साहेब व्हायची. रिकाम्या मनगटाकडं बघायची, हवेतला फोन उचलून कानडीत कुणाला तरी झापायची, आणि मग आमच्याकडं वळून, "हां, काय बाई, कामून आलाव?" आम्ही हसून लोळायचो. पण तालीम पक्की असायची. साहेब झालेली अक्का म्हणायची, "उद्या या." कुणी "बरं जी" म्हटलं की चष्मा काढून रागवायची. "बरं काय, बरं? उद्या किती वाजता जी, इचारायचं. वेळ सांगायला लागली की माणूस आजच करून टाकतंय."

एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हा तिचा दुसरा नियम. बघणं हेही कामच. खाली नाही, खिडकीकडं नाही, एकमेकींकडं तर अजिबात नाही. साहेबाच्या तोंडाकडं बघायचं. म्हणायची, "चार बायका एकटक बघायला लागल्या की माणसाला खोटं बोलायला जड जातंय." आणि सगळ्यात मोठा नियम उठण्याचा. "व्हय म्हणला की उठायचं. व्हयवर बसलं की त्याचं न्हाई होतंय."

साहेब लोकांना एक सवय असते. काम केलं की ते खुर्चीत मागं रेलतात आणि मोकळेपणानं विचारतात, आणखी काही? हापसा त्याच प्रश्नावर गेला होता, म्हणून तालमीचा शेवट नेहमी त्याच प्रश्नानं. अक्का बाजेवर रेलून चष्म्यावरून बघत विचारायची, "आणखी काही?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "न्हाई जी." सूर एक झाला नाही तर पुन्हा. शेवटी ते इतकं तोंडात बसलं की माझा थोरला जेवताना, अजून भाकर वाढू का म्हटलं, तर "न्हाई जी" म्हणून हात आडवा करायचा.

अशा तयारीनं अक्कानं वस्तीत पुष्कळ काही आणलं. पण तिच्या मनात होती ती गिरणी. गावात एकच गिरणी होती. आमची दळणं तिथं सगळ्यांच्या मागून. सकाळी डबा ठेवावा तर दुपार टळून जायची, मागून आलेल्यांची दळणं आधी व्हायची, आणि आमची पाळी येतेय तोवर वीज जायची. पोरं चुलीपुढं वाट बघत तशीच झोपायची. गिरणीवाला वाईट बोलायचा नाही. डबा मात्र पायानं सरकवायचा. महिला मंडळाची स्वतःची गिरणी हवी, असं अक्कानं धरलं. पंचायतीची एक खोली रिकामी पडून होती, बोर्डाकडं योजना होती, पण शब्द हवा होता तालुका बोर्डाच्या चेअरमनसाहेबाचा. मोठा माणूस, इथल्याच मोठ्या कानडी घरातला. त्याच्यापर्यंत आमच्यातली बाई तोवर गेली नव्हती.

रुक्मा अक्काकडं आली ती ह्याच गिरणीच्या तालमीच्या दिवशी. आमच्या वस्तीच्या शेवटच्या घरातली रुक्मा. बोलणं कमी, डोळे मोठे. ओढ्याच्या वरच्या अंगाला गायरान होतं, नुसता दगड. रुक्मानं आणि तिच्या नवऱ्यानं वर्षानुवर्षं दगड वेचून त्याची दोन शेतं केली होती. तूर व्हायची, मूग व्हायचा. कागद मात्र काही नाही. तिच्या कानावर आलं होतं की सरकारी झाडं लावायला गायरान मोजून घेणार आहेत. चेअरमननं एक शब्द टाकला तर मोजणी थांबली असती. तालीम झाल्यावर तिनं हे अक्काला सांगितलं. मी तिथंच बाज उचलायला थांबले होते.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन्ही एका दिवशी न्हाई, रुक्मा. दोन्ही सांगितलं तर दोन्ही जातंय. उद्या गिरणीचं होऊ दे. येत्या बाजाराच्या दिवशी तुझ्या एकलीचं घेऊन जाऊ. मी बोलते की."

रुक्मा बरं म्हणाली. जायला वळली तर अक्कानं तिला परत हाक मारली. "उद्या तू बी चल. तुझी नजर चांगली हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी चेअरमनच्या खोलीत उभ्या होतो. अक्कानं ओंदे मातु म्हटलं, चेअरमन पुढं सरकला. तिनं अर्ज पुढं केला नाही. पिशवीतली ज्वारी त्याच्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की साहेब, ही ज्वारी काल सकाळी गिरणीत ठेवली होती, आज परत घरी आणली, आमच्या लेकरांचं कालचं जेवण ह्या पिशवीत तसंच आहे. एवढंच. तो माणूस पिशवीकडं बघत राहिला. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग त्यानं खोली किती मोठी आहे विचारलं, कारकुनाला बोलावलं, आमच्यासमोर सांगितलं की हे ह्याच महिन्यात झालं पाहिजे. शिपायाला चहाला पाठवलं. आणि रेलून, हसून, अगदी मनापासून विचारलं, "आणखी काही हाय का, बाई?"

रुक्मा माझ्या उजव्या हाताला होती. तिचं तोंड उघडलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. अक्काला दिसलं नसावं, ती नियमाप्रमाणं साहेबाकडं बघत होती. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "न्हाई जी." आणि आमच्या जरा मागून, एकटाच, रुक्माचा आवाज आला. "न्हाई जी."

ती आपणहून म्हणाली, की तालमीनं तिच्या तोंडून म्हणवून घेतलं, ते मी आजवर ठरवू शकले नाही. अक्का तोवर वळून दाराशी गेली होती. चहा घेऊन येणारा शिपाई बाजूला झाला. परतताना सगळ्यांच्या अंगात आनंद मावत नव्हता. ती ज्वारीची पिशवी रुक्माच्याच डोक्यावर होती. अक्का मागं वळून तिला म्हणाली, बाजाराच्या दिवशी, रुक्मा. ती म्हणाली, व्हय अक्का.

बाजाराचा दिवस यायच्या आधी मोजणीची साखळी आली. मोजणीवाल्यांनी तुरीत खुंट्या ठोकल्या. अक्का अनवाणी धावत गेली, तिन्ही बोलींत बोलून बघितलं. मोजणीवाला म्हणाला, अम्मा, हुकूम हाय, मी काय करू. ती तशीच रुक्माला आणि मला घेऊन तालुक्याला गेली. चेअरमनसाहेबापुढं ह्या खेपेला अक्कानं कानडी वाक्य म्हटलं नाही, सरळ गायरानाचं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. त्या माणसाला दोष देता येत नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. मग हळू म्हणाला, "त्या दिवशी सांगायचं न्हाई का, बाई? गायरानाचा कागद त्या दिवशी माझ्यापुढंच होता. म्हणून तर इचारलं तुमाला, आणखी काही हाय का. आता गेला तो वर."

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. अक्का अजून खोलीतच होती. मी तिच्यासोबत इतक्या कचेऱ्यांत गेले, चहा आला आणि अक्का जागेवरच आहे असं त्याच दिवशी पाहिलं. कप चांगला होता, साहेबाच्या कपासारखाच. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. चहावर साय धरली.

गिरणी झाली. चेअरमननं स्वतः येऊन नारळ फोडला. चालवायला मला बसवलं, कारण पोरांच्या पाटीवर बाराखडी शिकलेली वस्तीत मीच होते. त्या गिरणीवर माझी पोरं शिकली, घर पक्कं झालं. आणि रुक्माच्या शेतात निलगिरीची रोपं लागली. तिनं आणि नवऱ्यानं हैदराबादला दगडाच्या खाणीवर जायचं ठरवलं. जायच्या आधी वाटेसाठी दळण घेऊन आली. मी तिची पाळी सगळ्यांच्या आधी घेतली; दुसरं काय करता येत होतं? पीठ पडत असताना ती उभी राहून बघत होती. उडत्या पिठानं तिच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या. जाताना म्हणाली, "गिरणी चांगली हाय, इमल. पीठ मऊ येतंय." टोमणा असता तर मी आयुष्यभर तो चघळून तरी संपवला असता. टोमणा नव्हता तो.

त्यानंतर अक्का एका गोष्टीवर राहीनाशी झाली. बँकेत जाऊ, जनावरांच्या दवाखान्यात जाऊ, विजेच्या हापिसात जाऊ. काम सांगून झालं, साहेब व्हय म्हणाला, की आम्ही उठायला लागायचो आणि अक्का बसायची. म्हणायची, आणखी एक हाय जी. आणि रुक्माचं गायरान सांगायला लागायची, दगड वेचण्यापासून. ज्यांचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नाही अशा माणसांना. जनावरांचा डॉक्टर बिचारा म्हणाला, "अक्का, हे आमच्याकडं येत न्हाई." तिला ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? कोणतं काम कोणत्या दारात जातं, हे आम्हाला शिकवलं कुणी?

काम पातळ व्हायला लागलं. व्हयचं न्हाई व्हायला लागलं. बायका कुजबुजायला लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, पुढच्या खेपेला अक्काला सांगूच नका. कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मी नाही म्हणाले नाही, हे मात्र आठवतं. आम्ही तिच्याच तालमीनं, तिच्याच नियमांनी, तिच्याशिवाय जायला लागलो, आणि कामं पुन्हा व्हायला लागली. पहाटेच्या गाडीला जायचो. लिंबाखालून जाताना बाजेवर बसलेल्या अक्काला "बाजारला चाललाव" म्हणून सांगायचो. बाजार कोणत्या वारी असतो ते तिला ठाऊक होतं. ती म्हणायची, "जावा, जावा. सावकाश जावा."

पुढं बऱ्याच वर्षांनी माझा पुतण्या हैदराबादहून आला. त्याला खाणीवर रुक्मा भेटली होती. केस पिकलेत, पण बरी आहे म्हणाला. तिनं अक्काची चौकशी केली होती आणि त्याच्याजवळ निरोप दिला होता. तो ऐकला आणि मी गिरणी बंद करून तशीच पिठाच्या हातांनी अक्काकडं गेले. तिला तेव्हा दिसायचं कमी झालं होतं. सून तिला दुपारी लिंबाखाली आणून बसवायची. मी जवळ बसून म्हटलं, रुक्माचा निरोप आलाय. अक्कानं माझा हात धरला. मी म्हटलं, "रुक्मा म्हणली, अक्काला सांग, मनाला लावून घेऊ नको. त्या दिवशी न्हाई जी मी बी म्हणले होते."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. खरं म्हणजे माझ्याही उतरेल म्हणूनच मी पळत आले होते. अक्का बराच वेळ माझ्या हातावरचं पीठ बोटांनी चाचपत राहिली.

"तिला ते म्हणायला शिकवलं कुणी, इमल?" म्हणाली.

अक्का त्याच उन्हाळ्यात गेली. सुनेनं घरातलं आवरताना दोरा बांधलेला चष्मा माझ्याकडं पाठवून दिला. दुसऱ्या कुणाला तो नकोच होता.

आता तालमी मी घेते. बाजेवर बसते, चष्मा लावते, फोन उचलून कानडीत झापते. पोरी हसतात. उद्या या म्हणते, किती वाजता जी म्हणतात. सगळं अक्कासारखं करते, पण शेवटच्या प्रश्नाशी आले की माझं तोंड अडतं. एकदा एका पोरीनं विचारलं, "काकू, साहेब आणखी काही म्हणला तर काय म्हणायचं?" मी म्हटलं, आधी मागं वळून बघायचं. कुणाचं तोंड उघडं आहे का ते.

गेल्या खेपेला रस्त्यावरच्या दिव्यांसाठी गेलो होतो. नवा साहेब, तरुण. दिवे देतो म्हणाला आणि तोच प्रश्न विचारला. मी मागं वळले. सगळ्यात मागं एक नवी सून उभी होती, पदर दातात धरून. मी तिला म्हटलं, बोल. तिच्या घराच्या भिंतीचं काहीतरी होतं, शेजाऱ्यानं बळकावलेलं. तिला धड सांगता येईना, पहिल्यापासून सुरू केलं तिनं. साहेबानं घड्याळ बघितलं, पेनाला टोपण लावलं, सगळं लिहून आणा म्हणाला. भिंतीचं झालं नाही आणि दिवे पण आले नाहीत. येताना बायका माझ्यावर वाटभर चिडल्या होत्या. "अक्काच्या तालमीतली म्हणून तुला पुढं केलं आम्ही," एक जण म्हणाली. खोटं काय त्यात? अक्का असती, पहिली अक्का, तर आज वस्तीत उजेड असता.

त्या खोलीत शिपाई चहा घेऊन आला, तेव्हा ती सून अजून सांगतच होती. मी तिला थांबवलं नाही.